कुंडीतली फुलझाडं आणि उन्हाळा : आधी मुळं सांभाळा



गेल्या काही दिवसांत ग्रुपवर मान टाकलेल्या गुलाबाचे, जास्वंदीचे बरेच फोटो आलेत. काहींच्या दारात चार-दोन कुंड्या आहेत, काहींनी जूनमध्ये विकायला पिशव्यांत रोपं भरून ठेवलीत. प्रश्न सगळ्यांचा एकच : पाणी घालूनही झाड का सुकतंय?

जमिनीतल्या झाडाची मुळं खाली गारव्याला जातात. कुंडीतल्या मुळांना पळायला जागा नाही. दुपारी काळ्या पिशवीला हात लावून बघा, चटका बसतो. पाणी ओढणारी बारीक मुळं नेमकी त्या कडेलाच असतात, तीच पहिली भाजतात. मग माती ओली असूनही झाड सुकतं. आपण घाबरून आणखी पाणी ओततो आणि उरलेली मुळं कुजतात. झाड उन्हानं गेलं असं आपण म्हणतो, पण निम्मं काम पाण्यानं केलेलं असतं.

म्हणून दुपारी तीनला झाड मलूल दिसलं तर आधी दोन इंच बोट मातीत खुपसा. ओल लागली तर पाणी नको, कुंडी सावलीत सरकवा. ऊन उतरल्यावर पानं ताठ झाली तर झाड ठीक आहे. माती कोरडी लागली तर मात्र संध्याकाळची वाट बघू नका, सावलीत घेऊन लगेच पाणी द्या. सकाळी सहालाही मान खालीच आणि माती ओली, तर मुळं बिघडली समजा.

एरवी पाणी सकाळी लवकर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी कढत असतं. ते बाजूला सोडा, गार यायला लागलं की मग कुंडीकडे वळवा. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, पाणी कडेनं निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टपात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. बोअरचं पाणी खारं असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. कृष्णाकाठच्या क्षारपड रानांचं दुखणं आपल्याला नवीन नाही, कुंडीतही तेच होतं. महिन्यातून एकदा गोड पाणी भरपूर सोडून क्षार धुऊन काढा.

आता सावली. कुंड्या स्लॅबवर किंवा पत्र्याजवळ असतील तर आधी तिथून हलवा. ते जमत नसेल तर खाली विटा नाहीतर फळ्या घाला, कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा आणि बाहेरच्या रांगेला ओलं बारदान गुंडाळा. काळ्या कुंडीला बाहेरून चुना मारला तरी फरक पडतो. मातीवर उसाचं पाचट बारीक तोडून दोन इंच पसरा, फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका.

५० टक्क्यांचं शेडनेट पुरे. ते झाडांवर टेकवू नका, वर दोन-तीन फूट मोकळं राहू द्या आणि पश्चिमेची बाजूही झाका. वळवाच्या वाऱ्यात उडणार नाही असं बांधा. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि मग ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी थोडा उत्तरेला असतो. त्यामुळे सावलीची म्हणून निवडलेली उत्तरेची गॅलरी मे महिन्यात उन्हात येते.

सगळ्यांना सारखी सावली नको. मोगऱ्याचा हा बहराचा काळ आहे, त्याला सकाळचं ऊन मिळालंच पाहिजे, नाहीतर नुसता पाला वाढेल. बोगनवेल, सदाफुली, चिनी गुलाब उन्हातच राहू द्या, फक्त पाणी चुकवू नका. जरबेरा आणि नुकतीच आणलेली रोपं सकाळी अकरा ते चार सावलीतच हवीत. नर्सरीतलं रोप शेडनेटखाली वाढलेलं असतं. ते आणल्या दिवशी उघड्यावर ठेवलं तर पानं करपतात, आठवडाभर हळूहळू ऊन दाखवा.

एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलणं, गुलाबाची जोरात छाटणी आणि युरिया ही तिन्ही कामं टाळा. गुलाबाच्या पानामागे बारीक जाळी आणि पानांवर पिवळसर ठिपके दिसले तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो झपाट्यानं वाढतो. सकाळी पानांची खालची बाजू पाण्याच्या फवाऱ्यानं धुवा, दोन-तीन दिवसांनी परत धुवा. द्राक्षाचं उरलेलं गंधक घरात आहे म्हणून या उन्हात मारू नका. त्यानं पानं भाजतात, हे बागवाल्यांना सांगायला नकोच. निंबोळी तेल मारायचं तर ऊन उतरल्यावर.

आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथंच होतात.

झाड सुधारलं नाही तर सकाळी सातच्या आत काढलेला पूर्ण कुंडीचा एक फोटो आणि पानाच्या मागच्या बाजूचा एक, असे दोन फोटो ग्रुपवर टाका. शेवटचं पाणी कधी दिलं तेही लिहा.