क्षयाचे आकडे वाचताना

'जिल्ह्यात क्षयरोगी वाढले' अशी बातमी वाचली, की काळजात धस्स होतं. 'रुग्ण घटले' असं वाचलं, की आपण निर्धास्त होऊन पान उलटतो. क्षयाच्या बाबतीत मात्र दोन्ही वेळी थोडं थांबायला हवं.

आपल्या देशात २०१९ साली सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली. २०२० साली ती १८ लाखांवर आली. मग एका वर्षात चौथा हिस्सा क्षय पळाला का? मुळीच नाही. ते कोरोनाचं वर्ष होतं. लोक घरात अडकले होते आणि तपासणीची यंत्रणा दुसऱ्या कामाला जुंपली होती. रोगी होतेच, फक्त ते नोंदवहीत नव्हते. असा रोगी औषधाविना खोकत राहतो आणि घरच्यांनाही लागण होते.

आता उलट बाजू पाहू. २०२४ साली नोंद २६ लाखांवर गेली. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लाख लोकांमागे वर्षाला होणारे नवे रुग्ण २०१५ मधल्या २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. रोग कमी आणि नोंद जास्त, हे कसं? तर २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्ण कळवणं बंधनकारक झालं. 'निक्षय' ही संगणकावरची नोंदवही आली. पूर्वी निसटणारे रुग्ण हळूहळू सापडू लागले.

अजूनही बरेच निसटतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत लक्षणं असलेल्या लोकांपैकी सुमारे ६४ टक्के जण कोणत्याही दवाखान्यात गेलेले नव्हते.

म्हणून आकडा दिसला, की तीन प्रश्न विचारावेत. तपासण्या किती झाल्या? त्यांत शंभरामागे किती रुग्ण निघाले? आणि किती जणांनी औषधांचा कोर्स पूर्ण केला? तपासण्या वाढूनही शंभरामागचे रुग्ण कमी होत असतील, तर ती आशेची खूण. तपासण्याच घटल्या असतील, तर रुग्ण घटल्याच्या बातमीवर विसंबू नये.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. घरात, शेजारी, कामावर कुणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर त्याला सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीच्या तपासणीला न्या. तपासणी आणि औषधं, दोन्ही मोफत आहेत. त्याच्यामुळे सरकारी आकडा एकाने वाढेल. वाढू द्या.