चाचणीस पात्र कोण?

इ. स. 1747 मध्ये 'सॅलिस्बरी' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीने जर्जर झालेले 12 खलाशी निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला, आणि ज्या जोडीच्या वाट्यास रोज दोन संत्री व एक लिंबू आले तिच्यातील एक जण सहा दिवसांत कामावर रुजू होण्याइतका बरा झाला, ही वैद्यकाच्या इतिहासातील हकीकत संत्र्याच्या बागांवर ज्यांचे संसार उभे आहेत अशा पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांस विशेष आपुलकीची वाटावी. तथापि तिच्यातील एका तपशिलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. लिंडने हे रोगी सरसकट उचलले नव्हते. ज्यांची लक्षणे होता होईल तितकी सारखी होती अशांनाच त्याने घेतले, एका जागी ठेवले आणि एकच अन्न दिले. कारण ते मुळातच भिन्न अवस्थेतले असते, तर जो बरा झाला तो संत्र्याने बरा झाला की त्याचा आजारच हलका होता, याचा निवाडा कोणालाही करता आला नसता.

फुप्फुसाच्या कर्करोगावरील नव्या औषधाच्या चाचणीत, म्हणजे लोक जिला 'ट्रायल' म्हणतात तिच्यात, रोग्यास प्रवेश देण्यापूर्वी ज्या अटी तपासल्या जातात त्यांचे एक मूळ या विवेकात आहे. दुसरे मूळ करुणेत आहे: ज्याचे मूत्रपिंड वा यकृत आधीच थकले आहे त्याच्या शरीरावर, ज्याचे दुष्परिणाम अजून पुरते ज्ञात नाहीत असे द्रव्य लादणे हा अपराध ठरेल. म्हणून नागपूरच्या वा मुंबईच्या रुग्णालयात 'तुमचा रोगी ट्रायलमध्ये बसत नाही' हे वाक्य कानी पडले, की बरोबरचे नातेवाईक खचून जातात आणि आता आशा उरली नाही असा त्याचा अर्थ लावतात, तो अर्थ चुकीचा आहे. त्या विशिष्ट चाचणीच्या प्रश्नाचे उत्तर या रोग्याकडून मिळणार नाही, एवढेच त्या वाक्यात सांगितलेले असते; त्याचा नेहमीचा उपचार तसाच चालू राहतो, आणि दुसऱ्या एखाद्या चाचणीस तोच रोगी सर्वस्वी पात्र ठरू शकतो.

पहिली अट निदानाची. फुप्फुसातील गाठीचा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून, तो कर्करोगच आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे हे सिद्ध व्हावे लागते. आपल्या भागात येथेच पहिला घोटाळा होतो. खोकला, वजन घटणे, थुंकीत रक्त आणि क्ष-किरणाच्या चित्रात पांढरा डाग, ही लक्षणे क्षयाचीही आहेत आणि कर्करोगाचीही. क्षय आपल्याकडे इतका सर्वत्र आहे की बिडी ओढणाऱ्या वृद्धाला किंवा आयुष्यभर चुलीच्या धुरात बसलेल्या गृहिणीला आधी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, काही महिने तसेच निघून जातात, आणि बायोप्सी होते तेव्हा रोग पुढल्या पायरीवर पोहोचलेला असतो. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या औषधांच्या बहुतेक चाचण्यांत सक्रिय क्षय असलेल्यास घेत नाहीत. तेव्हा क्षयाच्या औषधाने अपेक्षित उतार पडत नसेल, तर बायोप्सीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

त्यानंतर रोग किती पसरला आहे, स्कॅनमध्ये मोजता येईल अशी गाठ आहे की नाही, आणि पेशींच्या जनुकांत कोणता बदल झाला आहे, हे पाहिले जाते. ईजीएफआर, एएलके अशी आद्याक्षरी नावे रिपोर्टावर दिसतात ती या बदलांची असतात, आणि आजची कित्येक औषधे एखाद्याच विशिष्ट बदलावर काम करीत असल्यामुळे तो बदल नसलेल्या रोग्याला त्या चाचणीत घेण्यात काहीच हशील नसते. मग रक्त, यकृत, मूत्रपिंड, आधी घेतलेली औषधे, मेंदूत उतरलेली गाठ, पूर्वी झालेला दुसरा कर्करोग, अशी पृच्छा होते.

मात्र ज्या अटीवर आमच्या गावांतील रोगी अधिक अडतो ती त्याच्या चालण्याफिरण्याची. यासाठी ईसीओजी नावाचे, 1982 साली प्रसिद्ध झालेले मोजमाप वापरतात. जो पूर्वीसारखाच बागेत राबतो तो शून्यावर; अंगमेहनत झेपत नाही पण हलके काम होते तो एकवर; स्वतःचे सारे करतो, जागेपणाचा निम्म्याहून अधिक वेळ उठता-फिरता असतो, परंतु कोणतेही काम त्याच्याने होत नाही तो दोनवर; आणि ज्याचा निम्म्याहून अधिक दिवस खाटेवर जातो तो तीनवर. जगातील बहुसंख्य चाचण्या शून्य आणि एक यांनाच आत घेऊन दार बंद करतात. आता ज्याने महिनोगणती खोकला अंगावर काढला, जो पैशाची जुळवाजुळव झाल्यावर नागपूरची गाडी धरतो, तो दवाखान्याच्या पायरीवर पोहोचेतो पुष्कळदा दोनवर उतरलेला असतो. म्हणजे औषध सिद्ध होते ते एका प्रकारच्या माणसांवर आणि पुढे दिले जाते ते दुसऱ्याच प्रकारच्या माणसांना. हा दोष मला अत्यंत गंभीर वाटतो.

या बाबतीत आपल्याच टाटा मेमोरियल रुग्णालयाने घालून दिलेला धडा प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक असावा. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 ते 2018 या काळात ईजीएफआर बदल असलेल्या 350 रोग्यांवर एक चाचणी केली. निम्म्यांस गेफिटिनिबच्या गोळ्या आणि उरलेल्यांस त्याच गोळ्यांबरोबर केमोथेरपी दिली. तिच्या अटी लिहिताना त्यांनी दोनवर उतरलेल्या रोग्यांना बाहेर ठेवले नाही. अशांचे प्रमाण 21 टक्के होते, आणि ज्यांच्या मेंदूत गाठी गेल्या होत्या असे 18 टक्के होते. रोग आटोक्यात राहण्याचा मध्यम काळ केवळ गोळ्यांवर 8 महिने, तर जोडउपचारावर 16 महिने भरला. जोडउपचारात तीव्र दुष्परिणाम दुपटीने अधिक झाले, हेही त्यांनी नमूद केले आहे. खऱ्या रुग्णालयात येतात तशा माणसांना घेऊनही शास्त्रशुद्ध उत्तर मिळविता येते, हे या चाचणीने दाखवून दिले.

परदेशांतही हा विचार रुजू लागला आहे. 2017 साली अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने मेंदूतील गाठी, एचआयव्ही, पूर्वीचा कर्करोग अशा कारणांवरून रोग्यांना सरसकट वगळू नये अशी शिफारस केली. 2021 साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुप्फुसाचा कर्करोग बळावलेल्या 61,094 रोग्यांच्या नोंदी संगणकाद्वारे तपासून असे आढळले की, रक्ततपासणीच्या आकड्यांवर बेतलेल्या कित्येक अटींचा निष्कर्षावर जवळजवळ परिणामच होत नव्हता, आणि अटी विचारपूर्वक सैल केल्या तर पात्र रोग्यांची संख्या सरासरी दुपटीहून अधिक होत होती. पुष्कळशा अटी एका चाचणीच्या मसुद्यातून दुसरीच्या मसुद्यात केवळ वहिवाटीने उतरत आल्या आहेत, असाच याचा अर्थ.

कागदावर न लिहिलेल्याही काही अटी असतात, आणि सरहद्दीवरच्या माणसास त्या अधिक जाचतात. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर ही आमच्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. त्या दिवशी राजधानी भोपाळला गेली, दवाखान्याची वाट मात्र नागपूरचीच राहिली, आणि 2023 साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा होऊन सौंसर त्यात आले तरी ती बदललेली नाही. चाचणीतील रोग्यास ठरल्या तारखेस, कधी दर तीन आठवड्यांनी, हजर व्हावे लागते; बरोबर एक माणूस लागतो, त्याची मजुरी बुडते. म्हणून सही करण्यापूर्वीच येण्याजाण्याचा खर्च मिळेल काय, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

भाषेचेही तसेच. आमच्या मुलांची शाळा हिंदी, कचेरी हिंदी, परंतु आजारपणाचे बोलणे मराठीत. 2019 च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार संमतीचा मजकूर रोग्यास समजणाऱ्या भाषेत, तांत्रिक शब्द टाळून दिला पाहिजे. त्याला वाचता येत नसेल तर सारे समजावून सांगताना एक निःपक्ष साक्षीदार हजर असला पाहिजे. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई, आणि कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडण्याची मुभा, हे हक्क आहेत. प्रत्येक चाचणीवर आचारनीती समितीची देखरेख असते व तिच्यात सामान्य नागरिक, कायदेपंडित आणि स्त्री यांना स्थान असते. हे संरक्षण आपोआप आलेले नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने 2012 साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हापासून हे नियम कडक होत गेले, ही गोष्ट मध्यप्रदेशच्या रहिवाशांनी कृतज्ञतेने स्मरावी.

आता घरच्या मंडळींना एक विनंती. उपचाराचा पहिला डोस जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारा की या रोग्यासाठी एखादी चाचणी चालू आहे काय. कारण आधी उपचार न झालेल्यांसाठी असलेल्या चाचण्यांचे दार त्या एका डोसाने बंद होते. देशातील चाचण्यांची नोंद 2007 साली सुरू झालेल्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते व ती संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. गावातला शिकलेला मुलगा ती शोधून देऊ शकेल. आणि बायोप्सीनंतर केवळ रिपोर्ट घेऊन परतू नका. मेणात बसविलेला तो तुकडा, म्हणजे 'ब्लॉक', कोठे ठेवला आहे याची चौकशी करा, दुसऱ्या रुग्णालयात जाताना तो रीतसर मागून घ्या आणि उन्हापासून जपा. जनुकांची तपासणी त्याच्यावरच होते, आणि तो हरवला तर अशक्त झालेल्या माणसाच्या छातीत पुन्हा सुई घालावी लागते.