विजोड ठशांची नाणी

ज्या नाण्याच्या दोन बाजू एकमेकींसाठी न बनवलेल्या ठशांनी उमटवल्या गेल्या आहेत, त्यास विजोड ठशांचे नाणे म्हणतात. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून खेचर जन्मते, त्यावरून इंग्रजीत अशा नाण्याला ‘म्यूल’ हे नाव पडले. जुन्या नाण्यावर दुसऱ्या राजाने आपला ठसा मारणे हा प्रकार याहून वेगळा आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या क्षत्रप नहपानाच्या हजारो चांदीच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची मुद्रा उमटवलेली आढळते. तेथे हेतू स्पष्ट होता. विजोड नाणे बहुधा टांकसाळीतील चुकीने जन्मते.

प्रसिद्ध उदाहरणे

ठशांची रचना बदलण्याचा काळ अशा चुकांना अनुकूल असतो. ब्रिटनमध्ये २००८ साली २० पेन्सच्या नाण्यावरील वर्ष मागील बाजूवरून राणीच्या मुखवट्याच्या बाजूस हलवण्यात आले. काही नाणी मात्र मुखवट्याचा जुना ठसा आणि मागील बाजूचा नवा ठसा वापरून पाडली गेली. परिणामी त्यांवर कोठेच वर्ष नाही. अशी नाणी २,५०,००० पेक्षा जास्त नसावीत, असा टांकसाळीचा अंदाज आहे. ती चलन म्हणून वैधच राहिली.

अमेरिकेत २००० साली याहून विलक्षण प्रकार घडला. सॅकागाविया डॉलरच्या सोनेरी चकतीवर पाव डॉलरचा दर्शनी ठसा उमटला. एका बाजूस ‘पाव डॉलर’ आणि दुसऱ्या बाजूस ‘एक डॉलर’ अशी दोन मूल्ये एकाच नाण्यावर आली. वर्ष मात्र एकाही बाजूस नाही. याचे सुमारे वीसच नमुने ज्ञात असल्याने ते अत्यंत मौल्यवान मानले जातात. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात एक डॉलरच्या काही नाण्यांवर १० सेंटचा दर्शनी ठसा वापरला गेला. हा ठसा किंचित लहान असल्याने राणीच्या मुखवट्याभोवती दुहेरी कड दिसते व तीच ओळखीची खूण ठरते.

खरे-खोटे ओळखणे

संग्राहकाची खरी कसोटी येथे लागते. दोन्ही बाजूंस एकच चित्र असलेली बहुतेक नाणी टांकसाळीतून आलेली नसतात. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याचा तासलेला भाग बसवला जातो. जादूगारही अशी नाणी वापरतात. कडेच्या आतील बाजूस बारीक सांधा दिसतो, वजन प्रमाणित वजनाशी जुळत नाही आणि टेबलावर टाकल्यास नाद बद्द येतो. प्राचीन नाण्यांत वेगळी सावधगिरी लागते. रोमन देनारियसच्या दोन बाजू जुळत नसतील, तर ते तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले तत्कालीन बनावट नाणे असण्याची शंका आधी घेतात. अर्थात, अशा बनावट नाण्यांनाही अभ्यासक मोल देतात.

ब्रिटिश नाण्याची कसोटी साधी आहे: २० पेन्सच्या नाण्यावर कोणत्याही एका बाजूस वर्ष असेल, तर ते विजोड नव्हे.

भारतात दुर्मीळ नाण्यांच्या भावाविषयीच्या अफवांचा लाभ भामटेही घेतात. जुन्या नोटा व नाणी खरेदी-विक्रीच्या नावाखाली आपले नाव वापरून शुल्क मागितले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. अशा व्यवहारांत बँक सहभागी होत नाही आणि त्यासाठी शुल्कही आकारत नाही.