उंची तीच, पाऊस मात्र वेगळा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. डोंगर उंच म्हणून पाऊस जास्त, हे गणित इथे पुरं पडत नाही, कारण दोन्ही गावं सुमारे तेराशे मीटर उंचीवरच आहेत. खरा फरक वाऱ्याच्या वाटेचा. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या कड्याला अडते, वर चढताना थंड होते आणि बरसते. महाबळेश्वर ऐन कड्यावर, तर पाचगणी त्याच्या आड. म्हणून पावसाळ्याची तयारी जिल्ह्याची सरासरी पाहून करणं मला धोक्याचं वाटतं. महाबळेश्वरात पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताच्या झडी बांधतात, कारण तिथे पाऊस छपरावर पडतो तसा भिंतीवरही आडवा आदळतो.

एवढं पाणी पडल्यावर उन्हाळ्याची चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. पण हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्येच पडतो, आणि तीव्र उतारावरून बरंचसं पाणी थेट खोऱ्यांत धावतं. खाली कोयना, कृष्णा भरतात. वर साठवण हवीच. हिवाळ्याचं गणित आणखी निराळं. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, जड गार हवा सखल भागात उतरून साचते. त्यामुळे वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात आणि वरच्या बाजारपेठेत तेवढी थंडी नसते. स्ट्रॉबेरीची रोपं रात्री झाकायची की नाही, हे शेत उतारावर आहे की खोलगटात, यावरून ठरवावं.