पक्षनिधी द्या, पण मनमाडचा प्रश्न विचारून!

निवडणूक आली की कर्जत-खालापुरात पक्षनिधीची पावतीपुस्तके फिरू लागतात. निधी मागणाऱ्यांच्या भाषणात बाबासाहेबांचे नाव असतेच. पण बाबासाहेबांनी नोकरीतल्या जातिभेदावर काय मांडले, हे फारसे सांगितले जात नाही.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कर्जतहून बोरघाट चढणारी रेल्वे ती हीच. अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमनच राहतो, बढती नाही, हे बाबासाहेबांनी तिथे उघड मांडले. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, म्हणून विटाळाच्या भीतीने ती जागाही अस्पृश्याला क्वचितच मिळे. कापड गिरण्यांतले जादा मजुरीचे विणकाम खाते तर बंदच होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असे त्यांनी बजावले.

आज संविधानाचे कलम १६ सरकारी नोकरीत समान संधीची हमी देते. खोपोली-खालापूरच्या खासगी कारखान्यांना ते लागू नाही. ॲट्रॉसिटी कायद्यातील २०१६ पासूनच्या दुरुस्तीने नोकरीधंद्यापासून अडवणे गुन्हा ठरले. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा असल्याने हे संरक्षण आपल्यालाही आहे. पण भरतीत, बढतीत गुपचूप डावलले तर ते सिद्ध करणे कठीण जाते.

म्हणून पावती घेण्याआधी उमेदवाराला विचारा: खासगी नोकरीतील जातिभेदाविरुद्ध तुम्ही काय करणार? उत्तर सभेत, सर्वांसमोर मागा.