सुट्टीवर जगणारं खोरं

मध्य फ्रान्समधल्या आर्झांता या गावाच्या दगडी घाटावरून एके काळी वर्षातल्या मोजक्याच आठवड्यांत नावा सुटत. वरच्या डोंगरातलं बर्फ वितळून किंवा शरदातल्या पावसानं दोर्दोन्य नदीला पुरेसं पाणी चढलं, की नावाड्यांची धांदल उडे. सपाट बुडाच्या त्या नावांना गाबार म्हणत. त्यांच्यावर ओकच्या फळ्या रचायच्या, द्राक्षमळ्यांसाठी चेस्टनटचे खुंट भरायचे आणि खडक चुकवत, धारेशी झुंजत खाली बेर्जराक, लिबुर्नपर्यंत पोहोचायचं. तिथं त्या फळ्यांची पिंपं होत आणि पिंपांत वाइन भरली जाई. माल विकला की बहुतेक नावाडी नावही मोडून लाकडाच्या भावात विकून टाकत, कारण प्रवाहाविरुद्ध ती वर ओढून आणणं परवडत नसे. मग पैसे कनवटीला लावून पायी घरी.

आज त्याच नदीवर, ला रोक-गाजाक या गावाच्या धक्क्यावरून त्याच नावाच्या आणि तशाच घडणीच्या नावा सुटतात. त्यांत फळ्यांऐवजी पर्यटक बसतात. तासाभराची फेरी मारून नाव निघाल्या जागी परत येते. मालवाहू नदी सुट्टीची नदी कशी झाली, हा या लेखाचा विषय आहे. युरोपच्या सहलींच्या जाहिरातींत हे खोरं क्वचितच दिसतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहावंसं वाटलं. इथलं सौंदर्य निसर्गानं दिलं आणि इतिहासानं सजवलं, असं माहितीपुस्तिका सांगतात. ते खरं असलं तरी अपुरं आहे. हे सौंदर्य टिकलं, कारण समोर पैसा दिसत असताना ‘आता पुरे’ म्हणणारी माणसं आणि तसे कायदे या खोऱ्याला वेळोवेळी मिळाले.

दोर्दोन्यचा उगम ओव्हेर्न्यच्या ज्वालामुखी डोंगरांत, १८८५ मीटर उंचीच्या प्वी द सांसी या शिखराच्या उतारावर होतो. तिथून सुमारे ४८० किलोमीटर पश्चिमेकडं वाहत ती बोर्दोच्या खाली गारोन नदीला मिळते आणि दोघींची मिळून जिराँदची रुंद खाडी होते. सुट्टीसाठी लोक जमतात ते मधल्या पट्ट्यात. जुन्या पेरिगॉर प्रांतातला हा चुनखडीचा प्रदेश. नदीनं इथं खडक कापून मोठमोठी वळणं घेतली आहेत. वळणाच्या एका बाजूला उभा कडा आणि दुसऱ्या बाजूला गाळाची सपाट शेतं, त्यांत अक्रोडाच्या बागा. कड्यावर किल्ला, कड्याखाली गाव.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या खोऱ्यावर दोन आघात झाले. रेल्वे आली आणि नावांची वाहतूक हळूहळू संपली. त्याच सुमारास फिलोक्सेरा या किडीनं फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. नाव गेली, वाइन गेली, हाताला काम राहिलं नाही. तरुण मंडळी शहरांकडं निघून गेली. विसाव्या शतकात वरच्या पात्रात एकामागून एक धरणं झाली. त्यांतलं बोर-लेझ-ऑर्गचं १२० मीटर उंचीचं धरण १९५२ मध्ये सुरू झालं. धरणांनी पॅरिसला वीज दिली, काही गावं पाण्याखाली घेतली, आणि समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सामन माशांची वाट अडवली. आजही आर्झांताच्या खालच्या पट्ट्यात पाणी अचानक वाढू शकतं, अशा इशाऱ्याच्या पाट्या काठाला दिसतात. वीजनिर्मितीसाठी धरणातून पाणी सोडलं की स्वच्छ उन्हातही नदी चढते. काठावर चादर अंथरून बसणाऱ्यांनी या पाट्या गांभीर्यानं घ्यायला हव्यात.

दारिद्र्यानं मात्र एक काम केलं. जुनी घरं पाडून नवी बांधायला कुणाकडं पैसाच नव्हता, त्यामुळं पिवळसर चुनखडीची घरं, दगडी पातळ लाद्यांची उतरती छपरं, बोळ आणि कमानी जशाच्या तशा उरल्या. आणि नेमक्या याच काळात फ्रेंच कामगाराच्या हाती सुट्टी आली. जून १९३६ मध्ये, देशभर संप चालू असताना, लेआँ ब्लूम यांच्या सरकारनं कायद्यानं दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. पुढं १९५६ मध्ये तिसरा, १९६९ मध्ये चौथा आणि १९८२ मध्ये पाचवा आठवडा मिळाला. गिरणीतला, कारखान्यातला माणूस कुटुंब घेऊन निघाला तेव्हा त्याला स्वस्त निवारा हवा होता, आणि खेड्यात रिकामी घरं पडून होती. १९५५ मध्ये ‘झीत द फ्रांस’ ही संघटना उभी राहिली ती याच गरजेतून. शेतकऱ्यानं आपलं जुनं घर दुरुस्त करून आठवड्याच्या बोलीवर भाड्यानं द्यायचं. त्याला जोडउत्पन्न, पाहुण्याला स्वयंपाकघरासकट मुक्काम. सुट्टीच्या ऐन हंगामात ही घरं अजूनही बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. कोकणात घरगुती मुक्कामाचा व्यवसाय करणाऱ्यांनी ही व्यवस्था जवळून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

हे खोरं पाहायची खरी जागा म्हणजे पाण्याची पातळी. सेनाकच्या पुलाजवळ कनू भाड्यानं घ्यायची आणि बेनाकपर्यंत वाहत जायचं. नऊ-दहा किलोमीटरचं अंतर, दोन-अडीच तास, मध्ये वाळूच्या दांड्यावर थांबलात तर अख्खी दुपार. जीवरक्षक जाकीट अंगात, डबा आणि फोन झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात. उतरलात तिथून कनूवाल्यांची गाडी परत आणून सोडते. निघताना डाव्या हाताला, कड्याच्या माथ्यावर दोम हे तटबंदीचं नगर असतं. राजा तिसऱ्या फिलिपनं ते १२८१ मध्ये वसवलं आणि पुढं, १३०७ नंतर, टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथातले पकडलेले सरदार या नगराच्याच वेशीच्या बुरुजांत डांबले गेले. थोड्या वेळानं उजव्या काठाला ला रोक-गाजाक येतं. घरांची एकच रांग, पाठ कड्याला टेकलेली. दक्षिणेकडं तोंड आणि मागं ऊन शोषून तापलेला खडक, त्यामुळं इथं केळी आणि ताड वाढतात. या कड्याचा एक भाग जानेवारी १९५७ मध्ये कोसळला, घरं गाडली गेली, तीन माणसं दगावली. नावेतून वर पाहिलं की खडकाच्या रंगातला तो फरक डोळ्यांत भरतो.

त्याच्या खाली आमनेसामने दोन किल्ले. डाव्या काठाला कास्तेलनो, उजव्या काठाला पाण्यापासून दीडशे मीटर उंचीवर बेनाक. आक्विटेनची एलिनोर ११५२ मध्ये दुसऱ्या हेन्रीशी लग्न करून गेली, हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि नैर्ऋत्य फ्रान्सवर इंग्रज राजाचा हक्क पोहोचला. शंभर वर्षांच्या युद्धात कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडं आणि बेनाक फ्रेंचांकडं असे. म्हणजे आज जिथून मुलं वल्ही मारत, एकमेकांवर पाणी उडवत जातात, ती दोन सत्तांची सरहद्द होती. हे युद्ध संपलं तेही याच नदीकाठी, खालच्या अंगाला कास्तियाँ इथं, १७ जुलै १४५३ रोजी. कास्तेलनोमध्ये आता मध्ययुगीन युद्धकलेचं संग्रहालय आहे आणि तटावर दगडफेकी यंत्रं उभी आहेत.

नदीपासून थोडं आत सार्ला हे बाजाराचं गाव आहे. बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. सेंत मारी हे जुनं चर्च आता मंडई झालं आहे. त्याचे पंधरा मीटर उंचीचे पोलादी दरवाजे इथंच वाढलेल्या जाँ नूव्हेल या वास्तुविशारदानं बसवले. आत अक्रोडाचं तेल, चीझ, बदकाच्या मांसाच्या बरण्या. १९६० च्या आसपास या गावाची पडझड इतकी झाली होती, की जुनी वस्ती सरसकट पाडून टाकण्याचाच विचार कुणीही केला असता. सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी ४ ऑगस्ट १९६२ रोजी कायदा आणला, त्यात एखादी वास्तू नव्हे तर संपूर्ण जुनी वस्ती संरक्षित धरली गेली. सार्ला हा त्याचा पहिला प्रयोग. तारा भिंतींआड गेल्या, छपरं मूळ पद्धतीनं शाकारली. किंमतही मोजावी लागली. मध्यवस्तीतली घरं पाहुण्यांची झाली आणि हिवाळ्यात कितीतरी खिडक्यांची झडपं बंद असतात.

माल्रो यांचा दुसरा निर्णय मला त्याहून मोठा वाटतो. दोर्दोन्यला लिमॉय इथं वेझेर नदी मिळते. तिच्या काठावरच्या मोंतिन्याक गावाजवळ १२ सप्टेंबर १९४० रोजी, फ्रान्स जर्मनांपुढं कोसळून तीनच महिने झाले असताना, मार्सेल राव्हिदा आणि त्याचे तीन सोबती एका बिळातून खाली घसरले आणि लास्कोच्या गुहेत पोहोचले. भिंतींवर सतरा हजार वर्षांहून जुने घोडे, हरणं, रानबैल. त्यांतला एक बैल पाच मीटरहून लांब. १९४८ मध्ये गुहा लोकांना खुली झाली. पन्नाशीच्या दशकात दिवसाला हजारावर माणसं आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासातली वाफ आणि कर्बवायू, दिव्यांचा उजेड यांनी भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, मग पांढरा चुन्याचा थर चढू लागला. जिवावर उदार होऊन जपावं असं काही माणसाकडं असेल तर ते हे. गावाची मोठी मिळकत त्या तिकीटबारीवर होती. तरीही १९६३ मध्ये माल्रो यांनी गुहा बंद केली, आणि ती आजतागायत पर्यटकांसाठी उघडलेली नाही.

मग लोकांना दाखवायचं काय? मोनिक पेत्राल या चित्रकर्तीनं मूळच्यासारखेच मातीचे रंग वापरून जवळजवळ दहा वर्षं प्रतिकृतीवर काम केलं आणि १९८३ मध्ये मूळ गुहेपासून दोनशे मीटरवर ‘लास्को २’ उघडलं. डिसेंबर २०१६ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी ‘लास्को ४’ आलं, त्यात जवळजवळ संपूर्ण गुहा आहे. आत शिरलात की हवा तेरा अंशांच्या आसपास, ओलसर, अंगावर काटा आणणारी. खरं चित्र नाही हे ठाऊक असूनही माणसं आपोआप हळू बोलतात. ‘नकली काय बघायचं?’ असं म्हणून हे टाळू नका. अस्सलच हवं असेल तर लेझ एझीजवळच्या फाँ-द-गोम गुहेत रंगीत चित्रं अजून पाहता येतात, पण रोज अगदी थोड्याच लोकांना.

पैशाला ‘पुरे’ न म्हणता आल्याची गोष्टही याच काठावर आहे. गायिका आणि नर्तकी जोसेफिन बेकर यांनी १९४७ मध्ये मिलांद हा वाडा विकत घेतला. जगभरातून दत्तक घेतलेली बारा मुलं तिथं वाढवली आणि खर्च भागावा म्हणून हॉटेल, नाट्यगृह, जलतरण तलाव असं विश्रामस्थळ उभारलं. हिशेब कधीच जुळला नाही. १९६८ मध्ये वाड्याचा लिलाव झाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीचं काम केलेल्या या बाईला ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पॅरिसच्या पाँतेआँ या राष्ट्रीय स्मारकात मानाचं स्थान मिळालं. वाडा आज त्यांच्याच स्मृतीवर चालतो.

अगदी अलीकडचा वाद बेनाकचा. गावातून जाणारा एकच अरुंद रस्ता उन्हाळ्यात वाहनांनी तुंबतो, म्हणून जिल्हा प्रशासनानं नदीवर दोन पूल टाकून वळणरस्ता बांधायला घेतला. पात्रात खांब उभे राहिले. डिसेंबर २०१८ मध्ये देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं काम थांबवलं आणि पुढच्या वर्षी बोर्दोच्या न्यायाधिकरणानं झालेलं बांधकाम पाडण्याचा आदेश दिला. कोट्यवधी युरो खर्च होऊन गेले होते. रोज कोंडीत अडकणाऱ्या रहिवाशांची बाजू खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. तरी किल्ल्यांच्या मधोमध, २०१२ पासून युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रात असलेल्या नदीवर ते पूल नसावेत, हाच कौल मला योग्य वाटतो.

आता जाणाऱ्यांसाठी. पॅरिसहून बोर्दो वेगवान गाडीनं दोन तासांच्या थोडं वर, आणि बोर्दोहून सार्लाची छोटी गाडी नदीच्या सोबतीनं पावणेतीन तासांच्या आसपास. शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : ‘सार्लाचे बटाटे’ लसूण घालून परततात ते बदकाच्या चरबीत. ऑर्डर देण्याआधी विचारा. बदकांना आणि हंसांना नळीनं कोंबून खाऊ घालून बनवलेलं फ्वा ग्रा, म्हणजे त्यांचं फुगवलेलं यकृत, ही या भागाची मोठी मिळकत आहे. भारतानं त्याची आयात २०१४ मध्ये बंद केली, आणि ते न खाण्याचा निर्णय इथंही तुमचाच. अक्रोडाचा केक आणि रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीझ पोट भरायला पुरेसं आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये सारा फ्रान्स इथं लोटतो. तेव्हा जाऊ नका. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत इथं गर्दी कमी, दिवस मोठा आणि काठ हिरवेगार असतात. एका गावात घर घ्या आणि आठवडाभर तिथंच राहा. दोन दिवसांत उरकण्याचं हे ठिकाण नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा पुढच्या मे महिन्यात जायचं असेल तर दिवाळीचा फराळ संपताच कागदपत्रं काढा.