तेराशे चाहते, एक गावकरी

२०११ हे साल हिशेबाला फार सोयीचं आहे. त्या वर्षी आपल्याकडे जनगणना झाली आणि इंग्लंडमध्येही झाली. तिकडे मँचेस्टर शहरात ५ लाख ३ हजार १२७ माणसं मोजली गेली, लिव्हरपूल शहरात ४ लाख ६६ हजार ४१५. दोन्ही मिळून दहा लाखही भरत नाहीत. इकडे वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत त्याच वर्षी १२ लाख २२ हजार ३९० लोक राहत होते. ज्या दोन शहरांची नावं जगभरातल्या पोरांच्या छातीवर असतात, ती दोन्ही उचलून नायगावपासून विरारपर्यंत वसवली, तरी वर अडीच लाख माणसं उरतात. त्यानंतर नालासोपारा आणि विरार पूर्वेला किती इमारती उठल्या, ते आपण रोज पाहतोच.

मँचेस्टरमध्ये युनायटेड आणि सिटी, लिव्हरपूलमध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टन. दोन शहरांत मिळून चार मोठे क्लब. वसई-विरारमध्ये त्या तोडीचा व्यावसायिक क्लब एकही नाही. पण रविवारी सकाळी इथल्या कुठल्याही टर्फवर जा. लाल शर्ट, निळा शर्ट, बार्सिलोनाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, पाठीवर सालाहचा ११ किंवा रोनाल्डोचा ७. कित्येक शर्ट स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतलेले, धुऊन धुऊन आकडा निम्मा उडालेला. त्या पोराला विचारा, शेवटच्या पाच मॅचमध्ये तुझ्या टीमचे गोल कोणी केले? मिनिटासकट सांगेल.

घरातली मोठी माणसं अशा पोराला एक प्रश्न हमखास विचारतात: तुझा मँचेस्टरशी संबंध काय? कधी गेलायस तिथे? या प्रश्नाकडे मी गंमत म्हणून बघत नाही. त्याचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते प्रश्न विचारणाऱ्याला चक्रावून टाकणारं आहे.

मँचेस्टर युनायटेडने २०१२ मध्ये आपले शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले, तेव्हा कागदोपत्री एक आकडा दिला. जगभरात क्लबला मानणारे लोक ६५ कोटी ९० लाख. त्यातले जवळपास निम्मे आशिया-पॅसिफिक भागातले. ही पाहणी क्लबनेच करवून घेतलेली, ३९ देशांत सुमारे ५४ हजार लोकांना विचारून केलेली. ‘मानणारा’ याची व्याख्याही सैल होती. नियमित मॅच बघणाराही त्यात आला. तेव्हा आकडा थोडा फुगलेला आहे असं कोणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. हवं तर निम्मा करा, दशांश करा. पुढचा हिशेब तरीही डोळे विस्फारायला लावतो.

मँचेस्टरचा प्रत्येक रहिवासी युनायटेडचाच आहे असं धरू. पाळण्यातलं बाळ, आजारी आजोबा, सिटीचे कट्टर चाहते, सगळे धरून. तरी ६५ कोटी ९० लाखांत ते भरतात १,३१० माणसांमागे एक. बाकीचे १,३०९ बाहेरचे. आकडा दशांश केला, तरी १३१ माणसांत गावकरी एकच. म्हणजे नालासोपाऱ्याचा पोरगा या गर्दीत उपरा नाही. मोठ्या क्लबचा चाहता बहुतेक वेळा असाच असतो: दूरचा, मैदान कधीही न पाहिलेला, बहुधा कधी पाहणारही नाही असा. अपवाद आहे तो मैदानाच्या शेजारच्या गल्लीत राहणारा.

‘कधीही न पाहिलेला’ हे किती खरं आहे, तेही मोजता येतं. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानात सुमारे ७४ हजार माणसं बसतात. गर्दीच्या वेळच्या विरार लोकलमधली माणसं उतरवली, तर पंधरा ते अठरा गाड्यांत ते भरेल. लीगच्या एका हंगामात घरच्या मैदानावर मॅच होतात १९. आता ठरवा की प्रत्येक चाहत्याला आयुष्यात एकदाच आत सोडायचं, एकच मॅच, मग पुढच्याला जागा. ६५ कोटी ९० लाख लोकांना ८,९०५ मॅच लागतील. वर्षाला १९ प्रमाणे सुमारे ४६९ वर्षं. ही रांग २०१२ मध्ये संपायची असेल, तर ती १५४३ मध्ये सुरू व्हायला हवी होती. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली १५३४ मध्ये. रांगेतले पहिले लोक आत शिरले तेव्हा पोर्तुगीज वसईत नवखे होते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये किल्ला जिंकला, तेव्हा निम्मीही रांग सरली नव्हती. २०१९ मध्ये क्लबने नवा आकडा दिला, ११० कोटी. त्या हिशेबाने रांग ७८२ वर्षांची होते आणि तिची सुरुवात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या राज्यात जाते.

आता अंतर. वसईहून लिव्हरपूल सरळ रेषेत सुमारे ७,३५० किलोमीटर. कोणी हट्टाने लिव्हरपूलच्या एका हंगामातल्या घरच्या सगळ्या १९ मॅच जाऊन पाहिल्या आणि प्रत्येक वेळी घरी परत आला, तर त्याचा प्रवास होईल २ लाख ७९ हजार ३०० किलोमीटर. विषुववृत्तावरून पृथ्वीभोवती जवळजवळ बरोबर सात फेऱ्या. वटपौर्णिमेला वडाभोवती घालतात तेवढ्याच.

पण अंतराचं कौतुक विरारकराला सांगू नये. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. रोज १२०, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३६ हजार किलोमीटर. म्हणजे त्या हट्टी चाहत्याचा अख्ख्या हंगामाचा प्रवास विरारचा नोकरदार पावणेआठ वर्षांत दाराजवळच्या दांड्याला लटकून पूर्ण करतो. तीस वर्षांच्या नोकरीत १० लाख ८० हजार किलोमीटर होतात. चंद्रावर जाऊन परत यायचं आणि पुन्हा चंद्राच्या वाटेवर तीन लाख किलोमीटर जायचं, एवढा तो प्रवास. रोज एवढं लांब जाऊन येणाऱ्या घरातल्या पोराला, दूरच्या मैदानावर जीव कसा जडतो हे विचारण्यात अर्थ नाही.

आणि रेल्वेचा संबंध याहून जवळचा आहे. १८७८ मध्ये मँचेस्टरजवळच्या न्यूटन हीथ इथल्या रेल्वे कारखान्यात डबे आणि वाघिणींचं काम करणाऱ्या कामगारांनी एक फुटबॉल टीम काढली. तीच १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाली. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली १२ एप्रिल १८६७ रोजी. आपली विरार लोकल युनायटेडपेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे. आर्सेनल १८८६ चा, लिव्हरपूल १८९२ चा, बार्सिलोना १८९९ चा. सगळे तिच्या मागून आलेले.

दूरच्या चाहत्याचं खरं मोल जागरणात कळतं. हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगच्या मोठ्या मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात. संपतात तेव्हा विरारहून पहिल्या लोकल सुटायची वेळ होत आलेली असते. वर्षाला पन्नास मॅच, एकेक पावणेदोन-दोन तासांची, असं धरलं तर चार अख्खे दिवस-रात्र होतात. वीस वर्षांत ऐंशी. एवढा वेळ माणूस ज्याला देतो, ते त्याचं नाही असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे, मला माहीत नाही.

या जागरणात एक गोष्ट प्रत्येक सोसायटीत घडते. डिशवर येणारं चित्र ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतं. सत्तर हजारांहून जास्त किलोमीटरचा हा हेलपाटा पाव सेकंदात होतो. पण मोबाइलवर बघणाऱ्याकडे तेच चित्र तुकड्यातुकड्यांनी साठत साठत पोचतं आणि अर्धाअर्धा मिनिट मागे राहतं. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर डिशवाल्याकडे आरोळी उठते, तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या मोबाइलमध्ये बॉल अजून मध्यरेषेवर असतो. गोल झाला, हे त्याला आधीच कळलेलं असतं. कोणाच्या घरातून आरोळी आली, त्यावरून कोणी केला तेही कळतं. मग ते वीस-तीस सेकंद तो स्क्रीनकडे बघत बसतो. त्याला ठाऊक असलेली गोष्ट अजून घडायची असते.

२५ मे २००५ ची चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली. मध्यंतराला एसी मिलान ३, लिव्हरपूल ०. कित्येकांनी टीव्ही बंद केला, सकाळी ऑफिस होतं. जे जागे राहिले त्यांनी दीडच्या सुमारास सहा मिनिटांत तीन गोल बघितले, मग एक्स्ट्रा टाइम, मग पेनल्टी. त्या रात्री लिव्हरपूलचे झालेले लोक पुढे इंग्लंडच्या लीगसाठी पंधरा वर्षं थांबले. क्लब स्वतः तीस वर्षं थांबला होता, १९९० पासून.

ती लीग आली २५ जून २०२० ला, आपल्या घड्याळात २६ तारखेच्या पहाटे पावणेतीनच्या आसपास, चेल्सीने सिटीला हरवल्यावर. तेव्हा आपल्याकडे लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालत होत्या. तिकडे स्टेडियमला कुलपं. २२ जुलैला लिव्हरपूलने आपल्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर कप उचलला, तेव्हा ५० हजारांच्या वर खुर्च्या रिकाम्या होत्या. प्रेक्षक शून्य. मैदानापासून शंभर पावलांवर राहणारा आणि वसईतल्या नंदाखालमध्ये राहणारा, दोघेही घरात टीव्हीसमोर बसलेले. ७,३५० किलोमीटरचा फरक त्या रात्री उरला नव्हता. इस्तंबूलपासून थांबलेल्या माणसांना हा आनंद एकमेकांना मिठी मारून साजरा करता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. २०२२ ते २०२५ या तीन हंगामांत प्रीमियर लीगच्या परदेशातल्या प्रक्षेपण हक्कांची किंमत पहिल्यांदाच इंग्लंडमधल्या हक्कांच्या पुढे गेली. पाच अब्ज पौंडांहून जास्त, म्हणजे ५० हजार कोटी रुपयांच्या वर. क्लबचं पगारपत्रक आता बऱ्याच अंशी दूरच्या चाहत्यांच्या जागरणावर चालतं.

मग आपल्या मातीतला क्लब का नाही? भारतीय माणूस गावच्या टीमसाठी वेडा होत नाही, असं मुळीच नाही. १३ जुलै १९९७ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगाल आणि मोहन बागानची मॅच बघायला १ लाख ३१ हजार ७८१ लोक होते. नवं वेम्बली ९० हजारांत भरतं. मुंबईतही फुटबॉल जुना. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला. पण मुंबईच्या टीम बहुतेक कंपन्यांच्या. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये नॅशनल लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने टीमच बंद केली. मुंबई एफसी २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये गेली. चाहत्याने जीव लावायचा आणि एका सकाळी कंपनीने दार लावायचं. अशाने कोण कशाला जीव लावेल? आपल्या पोरांनी परदेशी क्लब निवडले, त्यात मला निष्ठेचा अभाव दिसत नाही. त्यांनी टिकणारी गोष्ट निवडली.

२०१४ मध्ये मुंबई सिटी आली. तिने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, एप्रिल २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. तिचं अंधेरीचं मैदान वसई रोडपासून ३० किलोमीटरवर, आणि तिथे माणसं मावतात सात-आठ हजार. वसई-विरारमधल्या शंभरातल्या एकानेच जायचं ठरवलं, तरी १२ हजार होतात. मैदान भरून चार हजार बाहेर उभे राहतील.

पण माझ्या मनात अंधेरीपेक्षा विलारियल जास्त घोळतं. स्पेनमधलं सुमारे ५० हजार वस्तीचं गाव. आपल्या हद्दीत तशी चोवीस बसतील. त्यांचं स्टेडियम साधारण २३ हजारांचं, म्हणजे जवळपास निम्मं गाव एका वेळी आत बसतं. क्लब १९२३ मध्ये निघाला. पहिला मोठा चषक यायला ९८ वर्षं लागली. २६ मे २०२१ ला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, युरोपा लीगची फायनल पेनल्टीवर गेली. २२ किक झाल्या, २१ आत गेल्या आणि एक अडली. विलारियल ११, मँचेस्टर युनायटेड १०. वसई-विरारमध्ये युनायटेडसाठी जागलेली किती घरं त्या पहाटे सुन्न झाली असतील. इथल्या चर्चच्या आणि शाळांच्या मैदानांवर रविवारी खेळणाऱ्या एखाद्या टीमचा उद्या क्लब झाला, तर त्याला पहिल्या दिवसापासून विलारियलच्या चोवीस पट माणसं मिळतील. त्यांतल्या निम्म्यांनी लाल शर्ट घालून यावं, मला चालेल.